भात बंद

हिरामण गँगमनची थोरली पोर जयवंता पळायला लागली ती कुणी सांगितलं म्हणून नव्हे. पळसदरीहून कर्जतला शाळेत जायची गाडी चुकली की वाडीतल्या बाकीच्या पोरी खिदळत घरी परतायच्या. ही मात्र दप्तर पाठीशी आवळून रुळाच्या कडेच्या पायवाटेनं धूम ठोकायची आणि घामानं निथळत प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभी राहायची. लाइनीवरचे हिरामणचे सोबती हातातली पहार टेकवून बघत राहायचे. "हिरामण, पोर हाय का हरणी रं तुजी?" असं कुणी म्हटलं की हिरामण नुसता मिशीत हसायचा.

दिल्लीला एशियाड भरलं, त्याच्या आदल्या वर्षी शाळेत खेळाला नव्या बाई आल्या. आनंदीबाई. चाळिशी उलटलेली, पण अंगलट काठीसारखी. पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी. तरुणपणी त्या स्वतः राज्याकडून धावलेल्या. लग्न केलं नव्हतं. दहिवलीला एका खोलीत एकट्या राहायच्या. त्यांनी जयवंताला मैदानाला फेऱ्या मारताना पाहिलं, शिट्टी वाजवून जवळ बोलावलं, आणि तिच्या कमरेवरचं मांस दोन बोटांच्या चिमटीत धरलं.

"हे कशाला बाळगतेस?"

जयवंताला काही कळेना. चिमटा दुखत होता.

"पाय सोन्याचे आहेत तुझे. पण सोन्याच्या पायांवर हे पोतं ठेवलंयस. हे उतरव, मग बघू कोण गाठतं तुला. उद्यापासून भात बंद."

जयवंताला हसूच आलं. ज्या मुलखात माणूस माणसाला भेटल्यावर 'भात खाल्लास का' म्हणून विचारतो, तिथं भात बंद म्हणजे श्वास बंद म्हणण्यासारखंच. पण बाई हसत नव्हत्या. आजवर तिच्याकडं इतक्या निरखून कुणी पाहिलं नव्हतं. वाडीत ती हिरामणची पोर होती, वर्गात मागच्या बाकावरची. सोन्याचे पाय आपल्याला आहेत हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यापायी भातच काय, बाईंनी पाणी बंद म्हटलं असतं तरी तिनं मान डोलावली असती.

घरात कुणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? बापाचं नि धाकट्या जिजाचं ताट आधी वाढलं जायचं, मग चुलीपाशी मायलेकी बसायच्या. आई चंद्रभागा दिवसभर लोकांच्या शेतात राबून आलेली. तिचं अर्धं जेवण डोळे मिटूनच व्हायचं. जयवंता तिच्यासमोर भाताचा ढीग चिवडायची आणि आई हात धुवायला उठली की रेंगाळत जेवणाऱ्या जिजाच्या ताटलीत सारायची. "मी शाळेत खाल्लंय गं," एवढं म्हटलं की भागायचं. बाईंनी सांगितलेलं तेवढं ती खायची: सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी नि पालेभाजी, संध्याकाळी मूठभर उकडलेले मूग.

आणि खरं सांगायचं तर गुण आला. अंग हलकं झालं तशी ती वाऱ्यासारखी सुटायला लागली. तालुक्याला पहिली आली, अलिबागला जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली, आणि दुसरी आलेली पोर एवढी मागं होती की लोकांना वाटलं तिची शर्यत वेगळी आहे. वाडीतल्या बुद्धविहारात जयवंताचा सत्कार झाला. हिरामणनं नवा सदरा घातला. बाईंनी भाषणात सांगितलं, "ही मुलगी मी घडवली नाही. हिनं स्वतःला घडवलं. हिनं आपल्या जिभेवर पाय दिला." टाळ्या वाजल्या. त्या रात्री वाडीत सगळ्यांना बुंदी वाटली. जिची बुंदी होती तिनं मात्र एक कळी तोंडात टाकली आणि घराच्या मागं जाऊन थुंकली.

रविवारी बाई निवडक पोरींना घेऊन एस्टीनं खालापूरला उतरायच्या आणि तिथून मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं चौकपर्यंत पळवायच्या. ट्रकवाले भोंगे वाजवायचे, नको ते बोलायचे. चौकला पोचलं की बाई पोरींना एका ढाब्यासमोर ओळीत उभं करायच्या. बाजेवर बसलेले ड्रायव्हर रस्सा ओरपत असायचे, तव्यावर पराठे फुगत असायचे.

"वास घ्या," बाई म्हणायच्या. "छाती भरून घ्या. आणि ज्या मुलीच्या तोंडाला पाणी सुटेल तिनं उद्यापासून येऊ नये."

एकदा साजगावची अंबा नावाची पोर तिथंच हमसून रडायला लागली. कंत्राटी कामगाराची लेक, अंगानं जराशी भरलेली. बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. थंडपणे म्हणाल्या, "जा, आत जाऊन बस. त्यांच्यातलीच आहेस तू." ड्रायव्हर हसले. अंबा पुन्हा कधी आली नाही. जयवंताला त्या वेळी अंबाची कीव आली नाही. मनातून तिला बरंच वाटलं. आपल्या पोटात आग पडलीय आणि आपण ताठ उभ्या आहोत, या गोष्टीचा तिला असा काही माज चढला की भूक लागली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग अंगात एकेक गोष्ट बिघडत गेली. वैशाखातही तिचे हात गार पडायचे. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. वर्गात बसल्या बसल्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. दंडावर बारीक लव उगवली होती. तान्ह्या पोराच्या अंगावर असते तशी. आणि पाळी थांबली. आधी एका महिन्याची चुकली, मग आलीच नाही. ती घाबरली. आईला सांगायची हिंमत झाली नाही म्हणून बाईंकडं गेली.

त्या दिवसांत बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शाळेच्या ओट्यावरून उतरताना जरासा तोल गेला, हात टेकला, तेवढ्यानं मनगट मोडलं होतं. डाव्या हातानं शिट्टी धरून त्या उभ्या होत्या. जयवंतानं खाली मान घालून सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू उमटलं. त्यांना हसताना तिनं क्वचितच पाहिलं होतं.

"वेडे, घाबरतेस काय? चांगलं लक्षण आहे हे. शरीर तयार झालं म्हणायचं. माझीही गेली होती, चांगली काही वर्षं. बायकांच्या मागचं ते लचांड सुटलं की मगच खरी धावपटू होते मुलगी. कुणाला सांगू नकोस, लोकांना कळत नाही."

जयवंता घरी आली ती तरंगतच. जी गोष्ट तिला शाप वाटली होती तिचं बाईंनी बक्षीस करून हातात ठेवलं होतं.

पण वाडी म्हणजे वाडी. शेजारची पुतळाबाई न्हाणीमागच्या दोरीवर रोज काय वाळतं याचा हिशेब ठेवून होती. एके दिवशी पाणी भरताना तिनं चंद्रभागेला हळूच टोचलं, "चंद्रे, तुज्या जयवंताचं कापड दिसत नाय गं दोरीवर. भातलावणीपासनं दिसलं नाय. पोर लांब लांब पळायला जाती, रस्त्यानं ट्रकवाले असत्यात... मी आपलं इचारलं."

चंद्रभागेची घागर तिथंच राहिली. ती घरी आली, दार लावलं, आणि चुलीपुढचं फाटं उचललं.

"कुणाचं हाय?"

"काय कुणाचं?" जयवंतानं विचारलं.

पहिला तडाखा पाठीवर बसला. पाठीला मांसच नव्हतं; लाकूड हाडावर वाजलं. "कुणाचं हाय ते सांग! कुटं शेण खाल्लंस? तुज्या बापाला रुळावर मान ठेवायला लावशील! ट्रकवाला हाय का मास्तर?"

"आई, काय नाय गं! आई, आयकून तरी घे! पोट बघ माजं, पोट हाय का?"

"पोट दिसायच्या आदीच इचारतीय मी!"

आईनं तिला भिंतीशी दाबून परकराची नाडी सोडली आणि मुठीनं तिचं ओटीपोट दाबून दाबून बघितलं, बाजारात कलिंगड बघावं तसं. हाताला फक्त खड्डा लागला, दोन्ही बाजूंनी वर आलेली खुब्याची हाडं लागली. दाराच्या फटीतून जिजा सगळं बघत होती. चंद्रभागेचा हात एक क्षण त्या हाडांवर थबकला. पण डोक्यात भीतीच एवढी भरली होती की हाताला लागलेलं तिथवर पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला कर्जतच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासली, आणि म्हणाले, "दिवस नाहीत."

चंद्रभागा मटकन खालीच बसली. डॉक्टरांच्या टेबलाच्या पायाला हात लावून तिनं कपाळाला लावला.

"रक्त कमी आहे हिचं," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "टॉनिक देतो. आणि लग्नाचं बघा आता. लग्न झालं की पाळीबिळी सगळं आपोआप वळणावर येतं."

मग ती थांबली कशानं, हे विचारायचं चंद्रभागेला सुचलंच नाही. पोर शुद्ध आहे एवढं तिनं ऐकलं, आणि पुढचं सगळं त्या आनंदात बुडून गेलं. स्टेशनवर तिनं पोरीसाठी गरम बटाटावडा घेतला. पाठीवरून हात फिरवत, वळ टाळत, म्हणाली, "खा गं बाय. मारलं तुला मी. माजंच हात झडूंत. खा."

जयवंतानं वडा हातात घेतला. तेलाचा वास नाकात गेला. गाडी सुटली तेव्हा ती दाराशी जाऊन उभी राहिली, आईकडं पाठ केली आणि हात बाहेर काढून वडा सोडून दिला. मग बाहीनं ओठ पुसत आत आली. आईनं मायेनं विचारलं, "ग्वाड लागला?" ती म्हणाली, "हो."

दिवाळीनंतर पुण्याला राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. बाईंनी पळणं दुप्पट केलं. सकाळी पळसदरीच्या धरणाकडून चढ, संध्याकाळी मैदान, रविवारी खोपोलीचा घाट. याच सुमारास जयवंताच्या डाव्या जांघेत दुखायला लागलं. आधी पळताना, मग चालताना, मग निजल्यावरसुद्धा. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दुखतं सगळ्यांनाच. बोलून दाखवते ती हरते." जयवंतानं बोलून दाखवणं सोडलं. शाळेचा जिना चढताना ती आता कठड्याला धरायची आणि कुणी बघत असलं की हात सोडायची.

पुण्याच्या मैदानावर थंडी कडाक्याची होती. सगळ्या जिल्ह्यांच्या पोरी. जयवंता नंबर लावून उभी राहिली तेव्हा तिचे दात वाजत होते. पोटात कालपासून लिंबूपाण्याशिवाय काही नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, रिकाम्या पोटी माणूस चित्त्यासारखा पळतो. शर्यत सुटली. पहिल्या फेऱ्यांत ती पुढंच होती. जांघेतली कळ आता कळ राहिली नव्हती, कुणीतरी तापलेली सळई धरून सोबत पळत असल्यासारखं वाटत होतं. शेवटची फेरी लागली. पुढं एकच पोर होती, नाशिककडची. तिला गाठायला म्हणून जयवंतानं लांब टांग टाकली, आणि आत कट्कन काहीतरी झालं. आवाज तिला कानांनी नाही, अंगातूनच ऐकू आला. पाय तिच्या खाली नव्हताच. ती तोंडावर आपटली.

रेषा समोर होती. मागून एका पोरीचे पाय धपधपत येत होते, बाकीच्या अजून लांब वळणावर होत्या.

"ऊठ!" बाई दोरीपाशी वाकून किंचाळत होत्या. "ऊठ जयवंता! रेषा समोर आहे! उठता येत नाही तर सरपटत ये! चल!"

आणि ती सरपटली. कोपरं रोवून, मोडका पाय मागं ओढत, तोंडात माती जात असताना ती रेषेकडं निघाली. प्रत्येक ओढीला आत हाडावर हाड घासलं जात होतं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघत होता तो तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. लोक उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी रडत होतं. कुणीही आत येऊन तिला उचललं नाही. तिचा हात रेषेपलीकडं पडला तेव्हा ती तिसरी होती. निवड तिघींचीच व्हायची होती. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "केलंस! केलंस गं पोरी!" त्या म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहत होतं.

इस्पितळातला हाडांचा डॉक्टर तरुण होता आणि संतापलेला होता. एक्स-रे उजेडाकडं धरून तो म्हणाला, "हे हाड आज मोडलेलं नाही. महिनाभर तडकलेलं होतं. आज तुटलं, आणि नंतर हलवल्यामुळं पार जागेवरून सरकलं. वय काय हिचं? हाड बघितलं तर साठीच्या बाईचं वाटतं. काय खाते ही?"

"शिस्तीत खाते," बाई म्हणाल्या.

डॉक्टरनं त्यांच्याकडं न बघता जयवंतालाच विचारलं. तिनं सांगितलं. लिंबूपाणी, अर्धी भाकरी, मूग.

"आणि पाळी?"

"येत नाही." मग जयवंता धीर करून म्हणाली, "पण ते चांगलं असतं ना?"

डॉक्टरनं एक्स-रे खाली ठेवला. तो म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

जयवंतानं बाईंकडं पाहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. प्लास्टर निघालेलं त्यांचं मनगट वाकडंच सांधलं होतं, आणि दुसऱ्या हातानं त्या ते चोळत होत्या.

"हे बघ," डॉक्टर खाटेशी बसून म्हणाला, "शरीराला जेवढं राबवशील तेवढं त्याला घालावं लागतं. नाही घातलं तर ते एकेक काम बंद करतं. आधी पाळी बंद करतं, कारण तिच्यावाचून जीव जात नाही. तरी भागलं नाही तर चुलीत घालायला घराचेच वासे काढतं. तुझी हाडं खाऊन तू पळत होतीस."

हे सगळं हिरामण दाराशी उभं राहून ऐकत होता. ड्यूटीवरून तसाच आलेला, अंगावर अजून रेल्वेचे निळे कपडे. डॉक्टर निघून गेल्यावर तो आत आला. शिकलेल्या बाईला काय बोलायचं ते त्याला येत नव्हतं. तो पोरीच्या उशाशी उभा राहिला.

"मी तुज्याएवडा होतो तवा," तो सावकाश म्हणाला, "आमी आंब्याच्या कोयी भाजून खायचो. तुजी आजी लोकांच्या दारात शिळं मागायला उभी राहायची नि वरनं टाकल्यालं पदरात झेलायची. मी पहार हातात घेतली ती कशापायी? माज्या घरात भूक शिरू नये म्हणून. आनि तू तिला आवातन देऊन घरात आणलीस गं?"

जयवंता रडायला लागली. बापानं तिचे डोळे पुसले नाहीत. पाठ फिरवून तो व्हरांड्यात गेला आणि तिथल्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला.

ऑपरेशन झालं, हाडात खिळे घातले, पण हाडात धरायला दमच नव्हता. जयवंता घरी आली ती कुबडी घेऊन. पुढं कुबडी सुटली, पण डावा पाय आखूड राहिला तो राहिलाच. चालताना ती एका अंगाला झुकायची. शाळा सुटली. आई आता ताटाशी बसून एकेक घास मोजल्यासारखा बघायची. आणि घास पोटात राहायला लागले तसं अंग भरलं, केस परत आले. वर्ष उलटल्यावर एका सकाळी पाळीही आली. जयवंतानं धुतलेलं कापड न्हाणीमागं नाही, पुढच्या दारी, पुतळाबाईच्या अंगणासमोर वाळत टाकलं. पुतळाबाई म्हणाली, "आता काय उपेग? लंगडीला करनार कोन?" आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन स्थळं आली, पोरीला चार पावलं चालवून बघितली आणि चहा पिऊन निघून गेली.

आनंदीबाई कधी भेटायला आल्या नाहीत. पण त्यांनी जयवंताला टाकलं होतं असंही नाही. दर वर्षी नव्या पोरी मैदानावर आल्या की त्या तिची गोष्ट सांगायच्या. पाय मोडला तरी सरपटत रेषा ओलांडणारी मुलगी. आखूड पायाचं, चुलीत गेलेल्या वाशांचं त्यात काही नसायचं. गोष्ट टाळ्यांपाशी संपायची. पोरींच्या अंगावर काटा यायचा. त्या पोरींत जिजाही बसलेली असायची, आणि सगळ्या जणी मागं वळून तिच्याकडं बघायच्या.

एके दिवशी संध्याकाळी जिजा ताटावरून लवकर उठली. "मी शाळेत खाल्लंय," ती म्हणाली.

जयवंताच्या हातातला घास तसाच राहिला. ती भिंतीला धरून उठली, लंगडत जिजाच्या मागं गेली आणि तिचा झंपर वर केला. बरगड्या नुसत्या दिसत नव्हत्या, वाजवून घ्याव्या अशा होत्या.

"बाईनी सांगितलं का? भात बंद?"

जिजानं झंपर खाली ओढला. "मग? तू नव्हतीस केलं?"

"केलं म्हनून हा पाय बघ माजा!"

"पाय तुजा कच्चा होता," जिजा म्हणाली. "बाई म्हनतात, जयवंताची जिद्द होती पन हाड कच्चं होतं. माजं हाड चांगलं हाय."

जयवंतानं तिच्या मुस्काटात मारली. जिजा खाली पडली. जयवंता तिच्या छातीवर बसली, एका हातानं जबडा दाबून उघडला आणि दुसऱ्या हातानं ताटलीतला भात मुठीनं तिच्या तोंडात कोंबायला लागली. "गिळ! गिळ म्हनते ना!" जिजा हातपाय झाडत होती, भात नाकातोंडातून बाहेर येत होता. ती कडकडून चावली. जयवंताच्या बोटांतून रक्त आलं, भात तांबडा झाला, तरी ती कोंबत राहिली. आई धावत आली आणि तिनं दोघींना ओढून वेगळं केलं. जिजा अंगणात जाऊन सगळं ओकली. परत आली तेव्हा ती रडत नव्हती.

"जळतेस तू," ती जयवंताला म्हणाली. "तुज्याच्यानं झालं नाय म्हनून मला पन लंगडी करून घरात बसवनार तू."

हिरामणनं पोरीचं पळणं बंद केलं. शाळेत जाऊन तो बाईंशी बोलला, हेडमास्तरांशी बोलला. हेडमास्तरांनी त्याला कपाटातले चषक दाखवले आणि बसायला खुर्ची दिली. घरी जिजानं अंथरूण धरलं. पळू देणार नसाल तर जेवणार नाही म्हणाली, आणि जेवली नाही. पाणी तेवढं प्यायची. उपास कसा करायचा हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. आई पायांशी बसून रडली, जयवंतानं हात जोडले. पोर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, ओठ सुकून फुटले. शेवटी हिरामणच हरला.

"पळ," तो म्हणाला, "पन जेव."

जिजा उठली, त्याच्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागली. जेवणाचं वचन तिनं तेवढ्यापुरतंच दिलं होतं.

कर्जतच्या मैदानावर तालुक्याची शर्यत होती. जयवंता डबा घेऊन गेली: भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. दोरीपाशी उभी राहून ती बहिणीचे खांद्याचे कोपरे बघत होती, पोटऱ्या बघत होती, कुठं लंगडतेय का ते बघत होती. पोर लंगडत नव्हती. जमिनीला पाय लावतेय की नाही असं वाटावं अशी ती पळत होती. जयवंताला ते अंग आतून ठाऊक होतं, तो हलकेपणा ठाऊक होता. शेवटच्या वळणावर जिजानं सगळ्यांना मागं टाकलं, लोक ओरडले, आणि पोर रेषेवर पोचायच्या आत जयवंताच्या लक्षात आलं की आपण टाळ्या वाजवतोय. डबा बगलेत दाबून, हात दुखेतो वाजवतोय. तिनं हात खाली घेतले.

जिजा कुंपणाशी वाकून पिवळं पित्त ओकत होती. जयवंता जवळ गेली तशी तिनं मान वर केली. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा बहिणीकडं बघून हसली.

"बघितलंस ताई?"

"बघितलं," जयवंता म्हणाली. "लई छान पळलीस गं. हे घे. दोन घास खा."

जिजानं डब्याकडं पाहिलं, मग मैदानापलीकडं. "बाई बघतायत," ती म्हणाली.

जयवंता तिथंच मातीत बसली. आखूड पाय पुढं पसरला, डबा उघडला आणि भात कालवून खायला लागली. मोठाले घास, आवाज करत, बोटं चाटत. बाकीच्या धावणाऱ्या पोरी थांबून बघायला लागल्या. बाईही बघत होत्या. तिनं मान खाली घातली नाही, शेवटचं शीत संपेपर्यंत खात राहिली.

जिजा समोर उभी होती. तिच्या घशाची घाटी एकदा वर झाली, खाली झाली. मग तिनं तोंड पुसलं आणि ती बाईंकडं चालत गेली.